कडेवरून खाली

आई फोनवर म्हणाली, "पोर म्हणजे काय भाजी आहे का, गाडीवर मांडून गल्लीतून फिरवायला?"

ती मिरजेत, मी कोलकात्यात. बुडीसाठी बाबागाडी घ्यावी असं मनात आहे, तुला काय वाटतं, एवढंच मी विचारलं होतं. बुडी म्हणजे माझी लेक, तेव्हा आठ महिन्यांची. बंगाली घरात प्रत्येक मुलाला एक 'डाकनाम' असतं, कागदावरच्या नावाशी त्याचा काही संबंध असावाच असं नाही. जन्मली तेव्हा तोंडभर सुरकुत्या होत्या म्हणून सासरच्यांनी तिला बुडी, म्हणजे म्हातारी, म्हणायला सुरुवात केली. आईला हे नाव अजून पटलेलं नाही. तिच्या कानाला ते कृष्णाघाटावर मारायची बुडी वाटतं.

"आम्ही दोन पोरं कडेवर वाढवली," आई पुढे म्हणाली, "आणि दुसऱ्या हातात कळशी होतीच."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, पण ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. बुडी तीन महिन्यांची असताना माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी वाटलं, झोपेत हात दुमडला असेल. मग बरणीचं झाकण उघडेना. मग पेन धरवेना. हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला सांगून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं आणि मी त्यांच्या दवाखान्यात इतक्या मोठ्याने ओरडले, की बाहेर बसलेला नवरा आत आला. या दुखण्याला फ्रिट्झ द केरव्हँ या स्विस शल्यवैद्याचं नाव आहे. १८९५ साली त्याने त्याचं वर्णन केलं. पूर्वी इंग्रजीत त्याला धोबिणीची लचकही म्हणत. आता ते तान्ह्या बाळांच्या आयांना होतं म्हणून ओळखतात, कारण बाळाच्या बगलेत हात घालून उचलताना अंगठा आणि तर्जनी यांचा जो काटकोन होतो, नेमका तोच काटकोन अंगठ्याच्या स्नायुबंधांना सोसत नाही. बर्फ लावा, पट्टा बांधा, नाहीच थांबलं तर इंजेक्शन देऊ, डॉक्टर म्हणाले. "आणि बाळाला उचलणं जरा कमी करा." पंख्याची गती जरा कमी करा, अशा सुरात.

मी बंगाली कादंबऱ्या मराठीत आणते. पहिला खर्डा अजून हातानेच लिहिते, म्हणजे हा अंगठा माझ्या पोटापाण्याचाही आहे. पण खरं सांगायचं तर मला कामाची तेवढी काळजी नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी मूल झालं होतं, तेही झालं नाही म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिल्यावर. ते मूल दोन्ही हात वर करून 'घे' म्हणत होतं आणि मी खिडकीतला कावळा दाखवत होते. दिवसातून किती वेळा मी तिला कावळा दाखवला असेल! आईला अंगठ्याचं सांगितलं नाही ते यामुळे. दुखतंय हे सांगायला हरकत नव्हती. मी तिला उचलत नाही, हे सांगायचं नव्हतं.

जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला आले आणि इथलीच झाले. तेव्हापासून एक शब्द मला छळत आला आहे: 'कोले'. बंगालीत मूल 'कोले' आहे म्हटलं, की ते मांडीवर आहे की हातांत आहे की छातीशी धरलेलं आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. मराठीत मात्र मला ठरवावंच लागतं. मांडीवर म्हटलं की बाई बसलेली. कुशीत म्हटलं की बहुधा आडवी. खांद्यावर म्हटलं की मूल झोपलेलं किंवा रडवेलं. आणि कडेवर म्हटलं की बाई उभी, चालती, एक हात मोकळा असलेली, कुठेतरी निघालेली. बंगालीत कमरेवरच्या घागरीसाठी 'काँखे' आहे. आपली काख मात्र वर सरकून बगलेत जाऊन बसली, तरी 'काखेत कळसा' म्हणताना आपण कळसा कमरेवरच बघतो. गेली वीस वर्षं मी 'कोले'चं भाषांतर पुष्कळदा 'कडेवर' असं केलं. बाई बसली आहे की उभी, याचा मूळ लेखकाने विचारही केलेला नसेल अशा ठिकाणी मी तिला उभी केली आणि चालायला लावलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं, की त्या सगळ्या बायकांची मनगटं मी गृहीत धरली होती.

गाड्यांच्या बाबतीत उलटा प्रकार. इंग्रजीत प्रॅम, पुशचेअर, बगी, स्ट्रोलर असा गोतावळा आहे. प्रॅममध्ये मूल निजतं, पुशचेअरमध्ये बसतं. बगी आणि स्ट्रोलर यांचा अर्थ देश बदलला की बदलतो. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून एक बाबागाडी, आत मुलगी बसली तरी बाबागाडीच. मला त्या शब्दात साहेबाच्या बंगल्यातला 'बाबा' ऐकू येतो, आणि ढकलणारी आयाही. मराठीचा स्वतःचा, घरचा शब्द आहे तो वेगळ्याच वस्तूसाठी: पांगुळगाडा. लाकडाचा, तीन चाकांचा, उभ्या दांडीचा. त्यात मूल बसत नाही, ते दांडी धरून उभं राहतं आणि गाडा पुढे ढकलत चालायला शिकतं. इंग्रजीतला 'गो-कार्ट' हा शब्दही आधी अशाच वस्तूसाठी होता, शर्यतीच्या छोट्या मोटारींकडे तो फार नंतर गेला. आमच्याकडचा पांगुळगाडा सुताराने दादासाठी केला होता, मग मी त्यावर चालले, मग तो माळ्यावर गेला. म्हणजे आमच्या घरातही चाकं होती. फक्त ढकलायचं काम मुलाचं होतं.

दुर्गापूजेची गर्दी ओसरल्यावर मी दुकानं बघायला लागले. गडियाहाटच्या एका दुकानात गुळगुळीत फरशी होती आणि त्या फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालत होत्या. तिसऱ्या दुकानात मी विचारलं, बाहेर नेऊन बघू का? दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग रिकाम्या गाडीकडे बघितलं. रिकाम्या गाडीवरून काही कळत नाही हे मलाही माहीत होतं, म्हणून मी पिशवीत हरिचरण बंद्योपाध्याय यांच्या 'बंगीय शब्दकोशा'चे दोन्ही खंड घेऊन गेले होते. म्हणजे पिशवी नवऱ्याच्या खांद्यावर होती. कोश गाडीत बसवला, त्यावर बाजारातून घेतलेले दोन किलो बटाटे ठेवले, पट्टा बांधला आणि फुटपाथवर आलो. फेरीवाल्यांच्या प्लास्टिकखालून, उखडलेल्या फरशांवरून वीस पावलं. चार छोट्या चाकांची गाडी तिसऱ्या फरशीला अडली. नवऱ्याने जोर लावला तसा कोश पुढे झुकला आणि बटाटे घरंगळले. एक साडीवाला म्हणाला, "दिदी, मूल नीट धरा."

ती छोट्या चाकांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी वाईट नव्हे. ती ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने १९६५ साली आखली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. लेक परदेशाहून जड बाबागाडी ओढत आली, तेव्हा त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी गाडी केली. विमानात, आगगाडीत न्यायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती सपाट जमिनीच्या लोकांची आहे, आणि तिला छत्रीच्या मुठीसारख्या दोन वेगळ्या मुठी असतात. त्या दोन्ही हातांनी घट्ट धराव्या लागतात. घट्ट धरणं हेच तर मला बंद होतं.

तीन चाकांच्या गाडीला एकच सलग आडवी दांडी असते. ती तळव्याने ढकलता येते, एका हाताने ढकलता येते, अगदी कोपराच्या खालच्या भागानेही ढकलता येते. मागची चाकं मोठी, हवा भरलेली. दांडी खाली दाबली की पुढचं एकटं चाक अलगद उचललं जातं, फुटपाथच्या कडेवर टेकवायचं आणि मागून लोटायचं. उचलण्याचं काम तरफ करते. हिची कथाही एका बापाचीच आहे. अमेरिकेत यकीमा गावी वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फिल बेक्लरला पळायची सवय होती, मूल झाल्यावर पळणं सुटू नये म्हणून १९८०च्या दशकात त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावून बघितली. मला पळायचं नव्हतं. बसस्टॉपपर्यंत जायचं होतं. पण शिकल्या-सवरलेल्या देशात पळायला जी गाडी लागते, ती आपल्याकडे नुसतं चालायला लागते.

नवरा भूगोल शिकवतो, आणि त्याला तीन चाकांवर भरवसा नव्हता. "उलटेल." मी त्याला आजीच्या तिवईचं उदाहरण दिलं. शेणाने सारवलेल्या, कुठेही सपाट नसलेल्या जमिनीवर चार पायांचं स्टूल डुगडुगतं, खाली कागदाची घडी घालावी लागते. तिवई मात्र कुठेही ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतात. तीन बिंदूंना हवं तसं प्रतल मिळतंच. तो म्हणाला, उभी असताना ठीक, पण वळताना? मिरजेच्या वळणावर कलंडलेली रिक्षा बघितली नाहीस कधी? बघितली होती. दोघंही बरोबर होतो. तीन चाकं खडबडीत जागी डुगडुगत नाहीत, पण एकच चाक पुढे असल्यामुळे वेगात वळलं तर बाजूला कलंडू शकतात. म्हणूनच या गाड्यांची मागची चाकं रुंद फाकलेली असतात, आणि पुढचं चाक दोन तऱ्हांनी वापरता येतं: गर्दीत वळायला मोकळं, खडबडीत किंवा वेगाच्या जागी खीळ घालून सरळ. शिवाय या देशाच्या रस्त्यांचा निकाल तीन चाकांनी कधीच लावलेला आहे. रिक्षा, सायकलरिक्षा, गुजरातेतला छकडा, आणि आमच्या गल्लीत रोज सकाळी मासे नि भाजी घेऊन येणारी सायकल-भ्यान. आईचं भाजीचं वाक्य इथे मला आठवलं, पण नवऱ्यापुढे मी ते काढलं नाही.

नवी गाडी बावीस हजारांची होती. सॉल्ट लेकमधल्या एका कुटुंबाने दोन वर्षं वापरलेली सहा हजारांना मिळाली. छपराला जिथून मुलाचं डोकं दिसतं ती पारदर्शक खिडकी पिवळी पडली होती, बाकी ठीक. ती घरी कशी आणायची हा प्रश्न मी विचारातच घेतला नव्हता. मिटली तरी ती आटोपशीर होत नाही. इथल्या ऑटो ठरलेल्या मार्गावर चार-चार माणसं घेऊन धावतात, त्यात गाडीला जागा कुठली? शेवटी एका पिवळ्या ॲम्बॅसॅडर टॅक्सीची डिकी उघडी ठेवून, दोरीने बांधून आणली.

आणि मग जिना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, बेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. गाडी अकरा किलोंची. गाडी निवडताना मी चाकं बघितली, दांडी बघितली, पट्टे, ब्रेक, छप्पर, सगळं बघितलं. ती खाली कोण नेणार हे बघितलं नाही. किंवा बघितलं असेल आणि उत्तर माहीत असल्यामुळे पुढे गेले असेन. नवरा सकाळी साडेनऊला शाळेत जातो. आमच्याकडे काम करणारी माशी कॅनिंगहून पहिल्या गाड्यांपैकी एकीने येते, चार घरांची कामं करते. पहिल्या दिवशी तिने गाडी बघितली, 'बा:, भ्यान!' म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत ती उचलून खाली नेली. परत वर आली आणि बुडीला कडेवर घेऊन पुन्हा उतरली. आठवडाभर असं चाललं. आठव्या दिवशी ती भांडी घासताना थांबून डाव्या हाताने उजवं मनगट चोळताना दिसली. दुखतं का, म्हटलं. "ते तर नेहमीचंच, दिदी." तिला कोणी बर्फ लावायला सांगितलं नव्हतं, पट्टा बांधायला सांगितलं नव्हतं, या दुखण्याला कोणा स्विस माणसाचं नाव आहे हेही नाही. माझ्या हातातलं ओझं मी फक्त तिच्या हातात दिलं होतं, आणि वर अकरा किलोंची भर घातली होती.

त्या संध्याकाळी मी घरमालकांकडे गेले. त्यांना आम्ही मेशोमशाय म्हणतो, वय ऐंशीच्या पुढे, आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेवर त्यांचं अतोनात प्रेम. तिथे आजवर कोणाला सायकल लावू दिलेली नाही. मी गाडी म्हटलं, भ्यान म्हटलं, स्ट्रोलर म्हटलं. त्यांचा चेहरा ढिम्म. मग बाबागाडी कशी असते ते हातांनी दाखवलं. ते एकदम उजळले. "ओ! पॅरॅम्ब्युलेटर!" सगळी अक्षरं, एकही न गाळता. लहानपणी मैदानात आया साहेबांची मुलं घेऊन येत त्या गाड्या त्यांना आठवत होत्या. आपल्याला त्यात एकदा तरी बसवावं असं तेव्हा फार वाटायचं, असंही ते म्हणाले. विजेच्या मीटरला धक्का लागणार नाही या अटीवर परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी चाकांच्या आसाला तेलही घातलेलं. आता गाडी खालीच असते, सायकलच्या साखळीने कठड्याला बांधलेली. बुडीला मी आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत पोटाशी बांधून उतरते. बेचाळीस पायऱ्यांपुरतं मनगट लागत नाही. जास्त वेळ बांधलं तर इथल्या दमट हवेत दोघींना घामोळं येतं.

जिन्याच्या तोंडाशी मात्र मला अजून धस्स होतं. एम.ए.ला असताना आइझेनस्टाइनचा १९२५ सालचा 'बॅटलशिप पोटेमकिन' दाखवला होता. ओडेसाच्या पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी ती बाबागाडी. तेव्हा मी संकलनावर निबंध लिहिला. आता ते दृश्य आठवलं की मला संकलन दिसत नाही, त्या गाडीला मनगटात अडकवायचा पट्टा नव्हता हे दिसतं. आमच्या गाडीला आहे. तळ्याकाठी उतार लागला की मी तो डाव्या हातात अडकवते.

तळं म्हणजे रवींद्र सरोवर, जुने लोक ढाकुरिया लेक म्हणतात. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी दुकानात कोणीच सांगितली नव्हती. या गाडीत मूल पुढे तोंड करून बसतं. कडेवरचं मूल जे बघतं ते आधी माझ्या चेहऱ्याजवळून बघतं. कुत्रं दिसलं की माझ्याकडे बघतं, मी हसले तर हसतं. इथे बुडीला मी दिसतच नव्हते. पिवळ्या खिडकीतून तिचं टाळू दिसत होतं, बस. नावा वल्हवणारी मुलं, वडाच्या पारंब्या, पहाटे फिरायला आलेले आणि फक्त बोलणारे लोक, हे सगळं ती एकटीच बघत होती. मी दोनदा थांबून पुढे जाऊन तिचं तोंड बघून आले. दुसऱ्यांदा तिने माझ्या बाजूने वाकून मागचं कुत्रं बघितलं. मी आड येत होते.

डिसेंबरात आई आली. दोन वर्षं येते येते म्हणत होती, गुडघे पुढे करत होती. तिथल्या डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलं होतं; काठी ती मिरजेलाच विसरून आली. स्टेशनवरून घरी येईपर्यंत तिने माझ्या हाताचा पट्टा बघितला होता, पण विचारलं जेवणं झाल्यावर, बुडी झोपल्यावर. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कावळ्यासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला माझाही हात जायचा. तुला उचलायला शेजारच्या काकूंना हाक मारायचे. तुला कसं आठवेल?"

"मग फोनवर कडेवर वाढवली म्हणालीस ते?"

"वाढवलीच की. काकूंच्या कडेवर."

गाडीला तिने पहिले चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी मागचं चाक बसलेलं निघालं. वडाखालच्या सायकलवाल्याकडे नेलं तर त्याचा पंप बसेना. आपल्या सायकलींच्या ट्यूबला वेगळी नळी असते, या चाकांना स्कूटरसारखी. स्कूटरवाल्याकडे गेलो. तो मोठ्या यंत्राने हवा सोडणार तोच आई पुढे झाली. तिला बंगाली येत नाही. "थोडी, थोडी," ती मराठीत म्हणाली, दोन बोटांनी चाक दाबून बघत, जशी ती वांगं दाबून बघते. "बस. आणखी नको. पोर बसायचंय त्यात."

परतताना दांडी तिच्या हातात होती. कधी गेली ते मला कळलं नाही. आई, भार टाकू नकोस, मागे कलंडेल, म्हटलं. तिने ऐकल्यासारखं केलं. सदर्न ॲव्हेन्यूच्या फुटपाथवर झाडांच्या मुळांनी फरशा वर आल्या आहेत, त्यांतली मोठी जागा मला पाठ आहे. मी मागून, दोन्ही हात रिकामे, सावरायला म्हणून पुढे झेपावणार होते. "आई, डावीकडून घे," म्हणेपर्यंत तिने दांडी खाली दाबली होती. पुढचं चाक उचललं गेलं, मुळाच्या पलीकडे टेकलं, आणि बुडी आतून ओरडली, 'आआ!' आई थांबलीही नाही. "हे बघ," ती मला नव्हे, तिला सांगत होती, "ती बघ भाजीची गाडी चालली."